'ना' आणि 'ना': दिसण्यावरून नातं ठरवायचं का?

तेलुगूत 'ना' म्हणजे माझं. 'ना पेरु' म्हणजे माझं नाव. कन्नडमध्ये बोलताना 'नानु'चं 'ना' होतं, अर्थ 'मी'. तमिळमध्ये 'ना' म्हणजे जीभ. कोरियनमध्ये 'ना' म्हणजे पुन्हा 'मी'. स्वाहिलीत 'ना' म्हणजे 'आणि' किंवा 'सोबत'. रशियनमध्ये 'ना' म्हणजे टेबलावर, भिंतीवर यातलं 'वर', आणि बोलण्यात हात पुढे करून 'ना' म्हटलं तर 'हे घे'. पोर्तुगीजमध्ये 'ना' म्हणजे 'मध्ये', तेही पुढचं नाम स्त्रीलिंगी असेल तरच. जपानीत क्रियापदाच्या शेवटी 'ना' लावला की मनाई होते. 'इकु' म्हणजे जाणं आणि 'इकु ना' म्हणजे जाऊ नकोस.

आता आपल्या घरातला 'ना' बघा. 'जा ना' म्हणजे जा, कृपा करून जा. 'चांगलं आहे ना?' म्हणजे दुजोरा दे. 'ना घर ना दार' म्हणजे नकार. 'तो ऐकेना', 'गाडी येईना' हाही नकारच. एकाच भाषेत 'ये ना' ही विनवणी आणि 'येईना' ही तक्रार.

अशी यादी वाचली की बहुतेक जण गंमत म्हणून सोडून देतात. काही जण मात्र तिथून थेट निष्कर्षावर जातात: कन्नड 'ना' म्हणजे मी, कोरियन 'ना' म्हणजेही मी, म्हणजे दोन्ही भाषांचं मूळ एक असणार. मराठी 'ना' नकार दाखवतो, जपानी 'ना'ही नकार दाखवतो, म्हणजे नक्कीच जुना संबंध असणार. आज मला या दुसऱ्या विचारपद्धतीची चिकित्सा करायची आहे. भाषाशास्त्र हा माझा विषय नाही. मी जैवतंत्रज्ञानात एमएस्सी केलं आणि आता पीएचडीत डीएनए आणि प्रथिनांच्या क्रमांची तुलना करते. पण 'या दोन गोष्टी सारख्या दिसतात, म्हणून त्यांचा पूर्वज एक' हा दावा तपासणं हे माझं रोजचं काम आहे. प्रश्न तोच आहे, फक्त अक्षरं वेगळी.

हल्बर्ट यांचा दावा

हा विचार फक्त हौशी लोक करतात असं नाही. होमर हल्बर्ट हे अमेरिकन शिक्षक १८८६ साली कोरियात गेले. कोरियन भाषा आणि लिपी यांवर त्यांचं मनापासून प्रेम होतं, आणि जपानच्या दडपशाहीविरुद्ध कोरियाची बाजू त्यांनी जगापुढे मांडली. म्हणून आजही कोरियात त्यांचं नाव आदरानं घेतात. १९०५ साली त्यांनी सोलमधून एक पुस्तक काढलं: कोरियन आणि भारतातल्या द्राविड भाषांचं तौलनिक व्याकरण. दावा असा की या दोन्ही एकाच कुळातल्या. पुढे विसाव्या शतकात सुसुमु ओनो या जपानी अभ्यासकानं जपानी आणि तमिळ यांच्याबद्दल असाच दावा केला आणि त्यासाठी शेकडो शब्दजोड्या जमवल्या. दोन्ही दावे आजच्या भाषाशास्त्रात मान्य नाहीत.

हल्बर्ट यांना मोडीत काढणं आज सोपं आहे, म्हणून तसं करू नये. त्यांच्या युक्तिवादाला दोन पाय होते आणि दोन्ही वेगवेगळे तपासले पाहिजेत.

पहिला पाय व्याकरणाचा. कोरियनमध्ये क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, विभक्तीचे प्रत्यय नामाच्या मागे लागतात, प्रत्ययाला प्रत्यय जोडत शब्द लांब होत जातो. द्राविड भाषांतही तसंच. साम्य खरं आहे, पण ते किती दुर्मीळ आहे? 'मी भात खाल्ला' या वाक्यात मराठीही क्रियापद शेवटी ठेवते. तुर्की ठेवते, जपानी ठेवते. कर्ता, कर्म, क्रियापद हा जगातल्या भाषांत सर्वाधिक आढळणारा क्रम आहे. जे लक्षण जगात जागोजागी सापडतं, ते दोघांच्या नात्याचा पुरावा कसं होईल? परभणीच्या आणि पाटण्याच्या माणसाला दोघांनाही मिशा आहेत, एवढ्यावरून ते भाऊ ठरत नाहीत.

दुसरा पाय शब्दांचा, आणि 'ना' इथे येतो. 'मी' हा शब्द बाजारातून आणलेला नसतो, भाषा तो सहसा उसना घेत नाही. मग दोन दूरच्या भाषांत 'मी'साठी एकच ध्वनी असेल तर ते वजनदार वाटतं. मला हा युक्तिवाद वरवर पाहता वाईट वाटत नाही. त्याची परीक्षा मात्र आकड्यांनी व्हायला हवी.

स्पष्टीकरणाआधी मोजणी

आमच्या क्षेत्रात नव्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच एक गोष्ट शिकवतात. डीएनएची अक्षरं चार. दहा अक्षरांचा एखादा तुकडा घेतला तर असे वेगवेगळे तुकडे ४ चा दहावा घात, म्हणजे १०,४८,५७६ होतात. मानवी जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरं आहेत. अक्षरं अगदी अंदाधुंद पडली असं मानलं तरी तुमचा दहा अक्षरी तुकडा त्यात निव्वळ योगायोगानं सुमारे २,९०० वेळा सापडेल. त्यामुळे 'सापडला!' म्हणून उडी मारण्यात अर्थ नाही. तोच तुकडा वीस अक्षरांचा केला तर योगायोगानं सापडण्याची अपेक्षा ०.००३च्या आसपास येते, म्हणजे जवळजवळ शून्य. पीसीआरचे प्रायमर साधारण १८ ते २५ अक्षरांचे ठेवतात त्यामागे हेच गणित आहे. ब्लास्ट ही १९९० साली आलेली क्रम शोधण्याची प्रणाली प्रत्येक जुळणीसोबत एक ई-व्हॅल्यू देते. तिचा अर्थ एवढाच: एवढ्या मोठ्या साठ्यात एवढी चांगली जुळणी फुकटात किती वेळा मिळाली असती?

हल्बर्ट यांच्या आणि ओनो यांच्या यादीला मला हाच प्रश्न विचारायचा आहे. तुमच्या शब्दजोड्यांची ई-व्हॅल्यू किती?

ढोबळ हिशोब करू. समजा एका भाषेत १५ व्यंजनं आणि ५ स्वर आहेत. एक व्यंजन आणि एक स्वर मिळून ७५ अक्षरं होतात. समजा काहीही संबंध नसलेल्या दोन भाषा घेतल्या, १०० अर्थांची यादी केली आणि प्रत्येक अर्थाला एकेका अक्षराचा शब्द आहे असं मानलं. तंतोतंत जुळणाऱ्या जोड्या किती निघतील? १०० भागिले ७५, म्हणजे एक किंवा दोन. नातं शून्य, तरी हातात एक-दोन 'पुरावे'.

आता नियम थोडे सैल करू. 'ना' आणि 'ने' दोन्ही चालतील म्हणू. अर्थही अगदी तोच नको. 'मी'शी 'माझं' जुळलं तरी चालेल, 'आम्ही' जुळलं तरी चालेल. म्हणजे ध्वनीला दोन आणि अर्थाला तीन, अशा सहा संधी झाल्या. आता १०० अर्थांत जवळपास आठ जोड्या फुकटात निघतात. भाषांनी काहीच केलेलं नाही. आपणच चाळणीची भोकं मोठी केली.

तिसरी गोष्ट सगळ्यात धोकादायक. समजा मी पन्नास भाषांशी तुलना केली आणि त्यातली सगळ्यात जास्त जुळणारी एक निवडून तिच्यावरच लेख लिहिला. उरलेल्या एकोणपन्नास भाषा वाचकाला दिसतच नाहीत. तुम्ही कोणत्याही विषयात संशोधन करा, अगदी मातीचे नमुने घेत असाल किंवा प्रश्नावल्या भरून घेत असाल, हा सापळा तिथेही आहे. किती ठिकाणी शोधलं हे न सांगता फक्त सापडलेलं दाखवणं म्हणजे तोच प्रकार.

माझा हिशोब मुद्दाम ढोबळ आहे. खऱ्या भाषेत सगळे ध्वनी सारख्या प्रमाणात येत नाहीत. 'न' आणि 'म' हे ध्वनी तर जगभर सर्वनामांत, नकारात, छोट्या अव्ययांत भरपूर येतात. म्हणजे 'ना'च्या बाबतीत योगायोगाची शक्यता माझ्या आकड्यापेक्षा जास्तच असणार. १९९२ साली डॉन रिंज या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं भाषांच्या तुलनेतला योगायोगाचा वाटा कसा मोजायचा यावर स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. त्याआधी जोसेफ ग्रीनबर्ग यांनी १९८७ साली अमेरिकेतल्या बहुसंख्य मूळ भाषा एकाच मोठ्या कुळात टाकल्या होत्या. त्यांचा एक आवडता पुरावा 'मी'साठी 'न' आणि 'तू'साठी 'म' हाच होता. त्यावर जे वादळ उठलं त्याचं मूळ याच प्रश्नात आहे: एका व्यंजनावर एवढा मोठा वाडा उभा राहतो का?

योगायोग किती हुबेहूब असू शकतो याचा एक नमुना घ्या. ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो. कोरियनमध्ये 'ने' म्हणजेही हो. ध्वनी तोच, अर्थ तोच, आणि दोघांचा काडीचा संबंध नाही. उलट ग्रीसच्या शेजारच्या बल्गेरियात 'ने' म्हणजे नाही. आणि बल्गेरियन व ग्रीक या मात्र एकाच इंडो-युरोपीय कुळातल्या लांबच्या बहिणी. सारखे दिसणारे परके आणि उलट बोलणारे नातेवाईक.

साम्य दिसलं, मग कारणं किती?

हल्बर्ट यांच्या पद्धतीत साम्याला एकच कारण होतं: रक्ताचं नातं. प्रत्यक्षात निदान पाच कारणं असतात, आणि 'ना' एकटा ती पाचही दाखवतो.

पहिलं कारण वारसा. मराठी 'ना', संस्कृत 'न', फारसी 'न', रशियन 'न्ये', इंग्रजी 'नो' हे नकार एकाच जुन्या मुळातून आलेत. हे खरं नातं.

दुसरं कारण उसनवारी. आमच्या हिंगोली, नांदेड भागात दखनी बोलणारं कुणीही 'नक्को' म्हणतं. तो शब्द मराठी 'नको'वरून गेलाय. दखनी आणि मराठी लांबच्या नात्यातल्या आहेतच, पण हा शब्द वारशानं आला नाही, शेजारानं आला. हैदराबादेत ऐकलेला 'नक्को' हा मराठी माणूस तिथे पोचल्याचा पुरावा आहे. 'बटाटा' हे त्याहून स्वच्छ उदाहरण. पोर्तुगीजमध्ये 'बटाटा' आणि मराठीत 'बटाटा'. तीन अक्षरं आली की ७५ गुणिले ७५ गुणिले ७५, म्हणजे सव्वाचार लाखांच्या घरात एक, असा योगायोग होतो. म्हणजे योगायोग बाद. पण त्यावरून मराठी ही पोर्तुगीजची लेक ठरत नाही. भाजी बोटीतून उतरली आणि नावही तिच्यासोबतच उतरलं.

तिसरं कारण तोंडाची रचना. तमिळमध्ये 'अप्पा' आणि 'अम्मा', कोरियनमध्ये 'आप्पा' आणि 'ओम्मा'. ही जोडी दाखवून अनेक जण तमिळ-कोरियन नातं सिद्ध झालं असं म्हणतात. रोमान याकोबसन यांनी १९६० साली याचं उत्तर दिलं: ओठ मिटून-उघडून निघणारे ध्वनी बाळाला सगळ्यात आधी जमतात, आणि आईबाप ते आपल्याच नावावर घेतात. कोण कोणतं घेतं हे मात्र ठरलेलं नाही. जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे बाप आणि 'देदा' म्हणजे आई.

चौथं कारण वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोचणं. 'चांगलं आहे, नाही का?' यातला नकार झिजत झिजत 'चांगलं आहे ना?' होतो. ब्राझीलमध्ये पोर्तुगीज बोलणारे 'नाव् ए', म्हणजे 'नाही का', याचं 'ने' करून वाक्याला लावतात. जर्मनही बोलताना शेवटी 'ने?' म्हणतात. नकारातून दुजोरा मागण्याची ही वाट प्रत्येक भाषेनं आपापली तुडवली. दहावीच्या विज्ञानात आपण शिकलो तेच हे: वटवाघळाच्या पंखातली हाडं आणि माणसाच्या हातातली हाडं हा वारसा, वटवाघळाचा पंख आणि फुलपाखराचा पंख मात्र एकाच कामासाठी वेगवेगळे घडलेले.

पाचवं कारण योगायोग. जपानीत 'ने' वाक्याच्या शेवटी लागतो आणि आपल्या 'ना?'चंच काम करतो. त्यात जपानी 'ना' मनाईही दाखवतो, म्हणजे एका जपानी ध्वनीभोवती मराठी 'ना'ची दोन कामं जमली. मोह होतो. पण मोहात पडायच्या आधी वापर बघा. मराठी आई मुलाला 'जा ना' म्हणते तेव्हा मुलानं जावं असं तिला वाटतं. जपानीत 'इकु ना' ऐकून मूल जागीच थांबेल. क्रियापदामागची जागा तीच, परिणाम नेमका उलटा.

संशोधकाचं काम पाचापैकी आवडतं कारण निवडणं नाही. उरलेली चार बाद करणं आहे.

मागे जाऊन बघा

बाद करायची सगळ्यात चांगली रीत म्हणजे आजचं रूप सोडून जुन्या रूपाकडे जाणं. हल्बर्ट यांच्या 'ना'ला हे करून बघू.

आजच्या कन्नडमध्ये 'नानु', तमिळमध्ये 'नान्', तेलुगूत 'नेनु'. सगळीकडे सुरुवातीला 'न' आहे. पण जुन्या तमिळमध्ये 'यान्' सापडतं. जुन्या कन्नडमध्ये 'आन्' आहे. जुन्या तेलुगूत 'एनु' आहे. आणि आपल्या शेजारी, यवतमाळ आणि नांदेडच्या किनवट भागात जी कोलामी बोलतात, तीही द्राविड कुळातली. तिच्यात 'मी' म्हणजे आजही 'आन्'. ही सगळी रूपं शेजारी ठेवून भद्रिराजू कृष्णमूर्ती यांच्यासारखे द्राविड भाषांचे अभ्यासक मूळ रूप 'यान्'च्या जवळचं मानतात. सुरुवातीचा 'न' नंतरचा. म्हणजे ज्या 'न'वरून कोरियाशी नातं जोडायचं होतं, तो हजारो वर्षांपूर्वी त्या जागी नव्हताच! आजच्या पुतण्याचा फोटो बघून खापरपणजोबांची ओळख पटवण्यासारखं झालं हे.

भाषाशास्त्रात याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं. आर. एम. डब्ल्यू. डिक्सन हे मबाबरम भाषेची नोंद करत होते. कुत्र्याला काय म्हणता असं विचारल्यावर उत्तर आलं 'डॉग'. इंग्रजीतून घेतलेला शब्द असेल असं कुणालाही वाटेल. पण तो घेतलेला नाही. शेजारच्या यिडिन भाषेत कुत्र्याला 'गुडगा' म्हणतात, आणि मबाबरममध्ये शब्दांचं पहिलं अक्षर गळण्यासारखे जे बदल इतर शब्दांतही झाले, तेच इथे होऊन 'गुडगा'चं 'डॉग' झालं. ध्वनी तोच, अर्थ तोच, उसनवारीची संधीही समोर होती, तरीही निव्वळ योगायोग. हे कळलं कशावरून? एका शब्दावरून नाही, त्या भाषेतल्या सगळ्या शब्दांच्या नियमावरून.

नियम म्हणजे काय ते मराठीतच बघू. संस्कृतात दोन स्वरांच्या मध्ये एकटा 'ल' असेल तर मराठीत 'ळ' होतो: फल-फळ, कमल-कमळ, गल-गळा. 'ल' सुरुवातीला असेल तर तसाच राहतो. आणि प्राकृतात 'ल्ल' असं जोडाक्षर असेल तर मराठीत साधा 'ल' मिळतो. म्हणूनच वेळ या अर्थाचा 'काळ' हा 'काल'पासून, आणि गेलेला दिवस या अर्थाचा 'काल' हा 'कल्य'पासून, प्राकृत 'कल्ल'मार्गे. दिसायला आजचा मराठी 'काल' आणि संस्कृत 'काल' तंतोतंत सारखे. पण नियम सांगतो की ते एकमेकांचे कुणी नाहीत. नियमाची ताकद ही, की तो दिसण्याच्या विरुद्ध जाऊन बोलतो.

आणि उलटही होतं. आर्मेनियन भाषेत दोनला 'एर्कु' म्हणतात. 'दोन' आणि 'एर्कु' यात एकही ध्वनी सारखा नाही. तरी दोघांचं मूळ एकच, कारण आर्मेनियनमध्ये शब्दारंभीच्या जुन्या 'द्व्'चा 'एर्क' होतो, आणि तो फक्त या एका शब्दापुरता नाही. म्हणजे नातं साम्यावर ठरत नाही. नियमानं येणाऱ्या फरकावर ठरतं. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

यात आपलं काय जातं?

कोरियन आणि तमिळ बहिणी नसल्या तर नसल्या, हिंगोलीत बसून आपल्याला काय करायचंय? असं कुणी विचारेल. पण हाच खेळ मराठीभोवतीही चालतो.

विश्वनाथ खैरे पेशानं अभियंता. 'अडगुलं मडगुलं', 'द्रविड महाराष्ट्र' अशा पुस्तकांतून त्यांनी संस्कृत, मराठी आणि तमिळ यांना एकत्र ठेवणारी 'संमत' मांडणी केली. प्रत्येक मराठी शब्दाला ओढूनताणून संस्कृत मूळ चिकटवण्याच्या सवयीला त्यांनी आव्हान दिलं, ही मोठी गोष्ट. मराठीत द्राविड अंश भरपूर आहे; 'तूप' हा कन्नड 'तुप्प'चा शेजारी, 'अक्का' आणि 'अण्णा' तिकडूनच आलेले. पण एकेक शब्द घेऊन तमिळशी जुळवायला लागलो की वरचेच प्रश्न उभे राहतात. या जोडीत 'ळ'सारखा नियम आहे का? आणि कन्नड, तेलुगू, गोंडी, कोलामी कुंपणाला लागून असताना तमिळपर्यंत का जायचं? खैरे यांचा प्रश्न बरोबर होता म्हणून प्रत्येक उत्तर बरोबर ठरत नाही. वाचकानं दोन्ही वेगळे ठेवावेत.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यानंतर अमुक दूरदेशच्या भाषेत मराठी शब्द सापडतो म्हणून मराठी किती जुनी बघा, अशा याद्या मोबाइलवर पुन्हा फिरू लागल्यात. मराठीला याची गरजच नाही. नाणेघाटातला शिलालेख आहे, 'गाथासप्तशती' आहे, महाराष्ट्री प्राकृतापासूनची परंपरा आहे. भक्कम पुरावा हाताशी असताना त्यात पोकळ पुरावा मिसळला की विरोधक नेमका पोकळच उचलून दाखवतो.

याहून मोठं नुकसान लहान भाषांचं होतं. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यात निहाली नावाची भाषा आहे. बोलणारे अगदी थोडे. शेजारच्या कोरकूचे शब्द तिच्यात भरून आहेत, द्राविड आहेत, मराठीही आहेत. दिसण्यावरून ठरवलं असतं तर 'कोरकूची एक बोली' म्हणून तिची फाइल कधीच बंद झाली असती. पण उसने शब्द एकेक करून बाजूला काढल्यावर जवळपास पाव हिस्सा असा उरतो, ज्याचं नातं जगातल्या कुठल्याच भाषेशी लागत नाही. १९६२ साली कायपर या डच अभ्यासकानं यावर पुस्तकच लिहिलं. भारतातली एक एकाकी भाषा आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर आहे, आणि ती वेगळी आहे हे आपल्याला कळलं ते साम्य मोजून नव्हे, साम्य वजा करून. चुकीच्या पद्धतीची किंमत अशा भाषा मोजतात. त्यांच्याकडे उलटून बोलायला वर्तमानपत्र नसतं.

तुमच्या प्रस्तावासाठी

पेटची तयारी करणाऱ्यांनी किंवा संशोधनाचा आराखडा लिहायला बसलेल्यांनी हा 'ना' जवळ ठेवावा. विषय भाषेचा असो, पिकाचा असो की पतसंस्थेचा, कुठलंही साम्य किंवा संबंध दिसला की 'असं का होतं?' हे विचारण्याआधी चार प्रश्न विचारा.

हे आपोआप किती वेळा घडलं असतं? आकडा ढोबळ चालेल, पण हवा.

मी कुठे कुठे शोधलं आणि कुठे मिळालं नाही? न मिळालेल्याची नोंद प्रबंधात यायलाच हवी.

काय 'जुळलं' असं मानायचं, हे मी आकडे बघण्याआधी ठरवलं होतं की नंतर? चाळणी नंतर मोठी केली असेल तर एकाचे आठ होतात, हे आपण वर पाहिलं.

आणि माझ्या आवडत्या कारणाशिवाय दुसरी कोणती कारणं शक्य आहेत, त्यातलं मी कोणतं आणि कसं बाद केलं?

तोंडी परीक्षेत मार्गदर्शक किंवा बाहेरचे परीक्षक सहसा या चौथ्या प्रश्नावर अडवतात. 'संबंध आहे असं दिसतं' एवढं बोलून थांबलात की समोरून येतं, 'बरं, मग?' त्या 'मग'चं उत्तर आधीच लिहून ठेवलेलं बरं.

हल्बर्ट यांच्याकडे १९०५ साली संगणक नव्हता, द्राविड भाषांचा आजच्यासारखा व्युत्पत्तिकोश नव्हता. बरो आणि एमेनो यांचा कोश यायला १९६१ उजाडलं. त्यांच्या चुकीला तेवढी सवलत देता येते. आपल्याला देता येणार नाही. तो कोश आज इंटरनेटवर फुकट शोधता येतो, ब्लास्टही फुकट आहे, आणि 'यान्'चं 'आन्' जपून ठेवणारी कोलामी बोलणारी माणसं आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहेत. ज्याला भाषांच्या नात्यावर खरोखर काम करायचंय, त्यानं सोलला जायच्या आधी किनवटची बस धरावी.